निलगिरीवरची तार

सरांच्या नंबरावरून माणसाचा आवाज आला, तेव्हाच मला कळलं. गेली तीन वर्षं त्या नंबरावरून कुणी बोललेलंच नव्हतं. वसमतकर सरांच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन स्वरयंत्र काढलं, त्यानंतर ते मला फोन लावायचे आणि फोनच्या काचेवर नखानं टकटक करायचे. मी समजायचो, ये म्हणतायत. "आलो सर, शिफ्ट सुटली की निघतो," एवढं बोलून ठेवायचो. त्या दिवशी शेंद्र्याच्या कंपनीत दुपारचा डबा उघडला होता, फोन वाजला, आणि सवयीनं कान लावून मी टकटकीची वाट बघत राहिलो... तर सरांच्या पत्नी, आमच्या काकू, बोलल्या, "मल्हारी, ये रे बाबा." पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. डबा तसाच टाकून मी निघालो.

सर गेले त्याला महिना होऊन गेला. लोक विचारतात, तुझं आणि त्यांचं नातं काय? आता काय सांगावं! ते कॉलेजात फिजिक्स शिकवणारे, पिढ्यान्‌पिढ्या जोशीपण केलेल्या घरातले. मी फर्दापूरकडच्या डोंगरात मेंढरं वळणाऱ्या धनगराचा पोरगा, वसतिगृहात राहून बी.एस्सी. करणारा. आमची गाठ घातली ती एका झाडानं. सरांना हौशी रेडिओचा नाद होता. सरकारी परवाना काढायचा, घरात यंत्र बसवायचं आणि कधी न बघितलेल्या लांबच्या माणसांशी गप्पा मारायच्या. त्यासाठी उंचावर लांब तार ताणावी लागते, तीच त्याची अँटेना. सरांचं बैठं घर बीड बायपासच्या अलीकडं, तेव्हा तिथं सगळं माळरान होतं. घरामागच्या मोकळ्या जागेत मात्र दोन निलगिऱ्या होत्या, मान मोडेल इतक्या उंच. निलगिरीला खालच्या अंगाला फांदीच नसते, चढणार कसं? तेव्हा खालूनच एक दोरा झाडापार करायचा, त्याला सुतळी बांधून ओढायची, सुतळीला दोर बांधायचा आणि दोराला तार. दोरा एकदा वरून पलीकडं गेला की बाकीचं काम पोरखेळ. पण तो जातोय कुठं!

मी जर्नल दाखवायला गेलो त्या रविवारी सर बांबूचं धनुष्य घेऊन उभे होते. छत्रीच्या काडीचा बाण, त्याला मासे धरायच्या गळाचा दोरा. बाण वर जायचा सोडून शेजारच्या बाईंच्या वाळवणात घुसला आणि बाईंनी सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कॉलेजात ज्यांच्या तासाला आम्ही चळाचळा कापायचो, ते सर खाली मान घालून पापड वेचत होते. मला हसू आवरेना. "हसतोस काय? तुला जमतंय का बघ," सर म्हणाले. मी म्हणालो, पुढच्या रविवारी गोफण आणतो.

आणली, पण तोंडघशी पडलो. घरच्या सवयीनं गोफण डोक्यावर गरागरा फिरवली आणि मागचा दोरा माझ्याच गळ्याभोवती चार वेढे घेऊन बसला. काकू हसता हसता पायरीवर बसल्या. मी गावी जाऊन आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, ही फजिती सांगितली. आबांनी आधी मला मनसोक्त येड्यात काढलं. मग म्हणाले, "दोरा बांधलाय म्हंतोस आन् फिरवतोस व्हय? खालून वर एकच झोका दे. आन् ध्यानात ठेव, गोफण फेकायची नसती, सोडायची असती." पुढच्या रविवारी काकूंच्या परातीत दोरा सैलसर गोल गोल मांडला, दगडाऐवजी मोठा लोखंडी नट बांधला, एकच झोका दिला आणि सोडली. नट वरच्या दोन फांद्यांच्या बेचक्यातून सुर्रकन पलीकडं गेला. सर माझ्याकडं बघतच राहिले. संध्याकाळपर्यंत दोन्ही झाडांच्या मध्ये तार ताणून झाली आणि सर यंत्रावर बसले. वर्गात तोंडातल्या तोंडात बोलणारा हा माणूस तिथं कुणा अनोळखी माणसाशी खदखदून हसत बोलत होता. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

नायलॉनचा दोर उन्हानं सडतो. त्यामुळं दरवर्षी तो बदलायचा, आणि तो दिवस आम्ही दसऱ्याचा धरला होता. लोक सोनं वाटायचे, आम्ही तार चढवायचो. मी नोकरीला लागलो, लग्न झालं, पोरं झाली, पण दसऱ्याला गोफण घेऊन सरांकडं जाणं चुकलं नाही. त्यातच दुष्काळाची वर्षं आली. डोंगरात काडी उरली नाही. आबा आणि मी कोयता घेऊन झाडावरचे डहाळे तोडायचो, मेंढरांपुढं टाकायचो. तेव्हा आबांनी फांदी ओळखायला शिकवलं. कोयत्याची पाठ मारली की ओली फांदी दबकं बोलते, वठलेली टणकन वाजते. आणि हात पोचत नसेल तर डोळ्यांनी बघायचं. साल सुटलेली, रंग पांढराफटक, टोकाला एक पान नाही, ती मेली असं समजायचं आणि तिच्यावर पाय द्यायचा नाही. एवढं करूनही पुढच्या उन्हाळ्यात मेंढरांचं सगळं खांड विकावं लागलं. आबा शहरात माझ्या दोन खोल्यांत येऊन बसले. शेंद्र्याची नोकरीसुद्धा मला सरांनी शब्द टाकला म्हणून लागली होती. ही फांदीची गोष्ट मी इतकी लांबवून का सांगतोय ते पुढं कळेल.

शहर वाढलं, म्हणजे कसं वाढलं? सरांच्या घराच्या तिन्ही अंगांनी पाच-पाच मजले उभे राहिले. नळाला आठवड्यानं पाणी, म्हणून जो तो बोअर मारत सुटला. एकाचं कोरडं गेलं की दुसरा त्याच्याहून खोल. जमिनीच्या पोटात ओल राहील तर शपथ. निलगिऱ्या खालून वाळायला लागल्या.

याच वर्षांत सरांचा आवाज गेला. गळ्यात भोक, त्यावर जाळीचा रुमाल, हातात वही. बोलायचं ते वहीत लिहून दाखवायचं. सुरुवातीला लोक भेटायला आले. पण माणसं मोठी चमत्कारिक असतात, सर मुके झाले तर ती त्यांच्याशी ओरडून बोलायची, जसं काही ते बहिरेच झाले. सर लिहीपर्यंत कुणाला दम धरवायचा नाही. वाक्य पूर्ण व्हायच्या आत लोक "हो हो, कळलं कळलं" म्हणायचे आणि उठायचे. हळूहळू येणं थांबलं. राहिला तो रेडिओ. त्यात तोंडानं बोलावंच लागत नाही असा एक मार्ग आहे, पूर्वीच्या तार ऑफिसातल्यासारखा. बोटाखाली एक छोटी पट्टी दाबायची, आखूड टोला, लांब टोला, त्यातून एकेक अक्षर. सर रोज सकाळी सातला बसायचे आणि तिकडं लातूर, सोलापूर, कुठं कुठं टोले जायचे. पावसाची चौकशी, डाळिंबाचा भाव, एकमेकांची टिंगल. त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं की या माणसाला गळा नाही. एकानं तर त्यांना कळवलं होतं, तुमचा हात फार गोड आहे. सरांनी ते वहीत लिहून मला दोनदा दाखवलं.

मग एक निलगिरी गेली. कुण्या बिल्डरला रस्ता हवा होता, दोन तासांत करवतीनं आडवी केली, आणि तिच्याबरोबर तारही खाली आली. मी गच्चीवर लोखंडी पाइप उभा करून बघितला, पण तिन्ही बाजूंनी इमारती, विहिरीच्या तळातून हाक मारल्यासारखं व्हायचं. तेव्हा शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर तारेचं एक टोक बांधू द्या, असं विचारायला सर आणि मी त्यांच्या सोसायटीच्या मीटिंगला गेलो. तिथं एक बाई म्हणाल्या, "ज्या तारेनं सरांचा गळा खाल्ला, ती आमच्या लेकराबाळांच्या डोक्यावर नको." सर समोर उभे, आणि कान शाबूत. त्यांनी घाईघाईनं लिहिलं, "गळा तंबाखूनं खाल्ला, तारेनं नव्हे," आणि वही सेक्रेटरीपुढं धरली. सेक्रेटरी म्हणाले, चष्मा घरी राहिला. वही तशीच धरून सर कितीतरी वेळ उभे होते. माझ्या हातून त्या दिवशी काहीतरी वावगं घडलं असतं, सरांनीच माझं मनगट धरून मला बाहेर आणलं.

सहा महिने ते यंत्र मुकं होतं आणि सरही. सकाळी सातला ते त्या खोलीत जाऊन बसायचे, कानाला हेडफोन लावायचे आणि नुसती खरखर ऐकायचे. त्यातच दुखणं उलटलं, छातीत उतरलं. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं की आता दिवस मोजायचे. मला फोन आला, टकटक, टकटक, टकटक, थांबेचना. गेलो, तर वहीत लिहून तयार होतं. "एक झाड उरलंय. एकदा टाकून बघ. मला अजून थोडं बोलायचं आहे."

मी पन्नाशी ओलांडलेला. खांदा जाम, केस विंचरायला हात वर जाईना. तरी रविवारी सकाळी गेलो. सर प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर परात, दोरा गुंतू नये म्हणून दोन बोटांनी सोडत होते. झाडाला हिरवा जीव उरला होता तो पार शेंड्याला, दोन फांद्यांत. पहिला झोका अर्ध्यावर मेला. दुसरा बुंध्यावर आपटला. खांद्यात कळ यायची, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. आठ झाले, दहा झाले. सर दरवेळी दोरा गोळा करून पुन्हा परातीत मांडायचे. मी मनातल्या मनात आबांना हाका मारत होतो, खंडोबाला नवस बोलत होतो, आणि नट त्या हिरव्या फांद्यांच्या चार हात खालीच राहत होता.

त्या फांद्यांच्या खाली एक आडवी फांदी होती. पांढरीफटक, साल सुटलेली, पान नाही. तिथपर्यंत माझा नट जात होता. मी बघितलं, मला कळलं, आणि तरी मी नेम तिच्यावर धरला. धनगराच्या पोटी जन्मून वठलेली फांदी ओळखता आली नाही असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? चुकून नाही, जाणूनबुजून टाकली. पुढच्या झोक्याला दोरा तिच्यावरून गेला. सरांनी दोन्ही हात वर केले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, सुतळी ओढत राहिलो.

दुपारी झाडापासून गच्चीवरच्या पाइपापर्यंत तार ताणली. सर पट्टीपुढं बसले, एकदा टोले दिले, खरखर. दुसऱ्यांदा, खरखर. तिसऱ्यांदा कुठून तरी बारीक, चिमणीसारखे टोले आले. सरांनी हेडफोन कानावर दाबून धरला. मग ते हसायला लागले. आवाज नाही, गळ्याच्या भोकातून नुसती हवा, फुस्स, फुस्स, आणि डोळ्यांतून पाणी. काकू दारात उभ्या राहून पदरानं तोंड दाबून होत्या. मी मागच्या अंगणात गेलो आणि परात धूत बसलो.

अशा चार सकाळी मिळाल्या. पाचव्या दिवशी वावटळ आली आणि फांदी मोडून तारेसकट खाली पडली. मी कामावरून धावत गेलो. सर पलंगावर होते. मी खोटं बोललो, "वारा लई होता सर." त्यांनी सावकाश लिहिलं, "हो. वारा फार होता." मी म्हणालो, पुढच्या रविवारी पुन्हा टाकतो. त्यांनी मान हलवली. तो रविवार आला तेव्हा त्यांना बसवतही नव्हतं, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत ते गेले. या माणसानं मला नोकरी दिली, उभं केलं, आणि त्याच्या शेवटच्या मागण्याला मी मेलेली फांदी दिली... चांगली दिली असती तर आणखी दोन-चार सकाळी मिळाल्या असत्या. हे गणित मी रोज मांडतो. कामावर मांडतो, जेवताना मांडतो. बायको म्हणते, पुरे आता. पण पुरं होत नाही.

तेराव्यानंतर काकूंनी मला त्या खोलीत बोलावलं. टेबलावर सरांच्या बोलण्याच्या वह्या होत्या, तीन वर्षांच्या, एकावर एक. त्या वाचणं फार अवघड आहे. त्यांत फक्त सर बोलतात, समोरचा काय म्हणाला ते आपण आठवायचं. "हो, जेवलो." "मल्हारीला चहा दे." "नाही दुखत." मी शेवटची वही काढून त्या रविवारचं पान शोधलं आणि काकूंसमोर एकदाचं सगळं बोलून टाकलं. फांदी वठलेली होती, मला दिसत होतं, तरी टाकली. काकूंनी माझ्या हातून वही घेतली, पान उलटलं आणि बोट ठेवलं. "तू दोरा टाकत होतास तेव्हा मी यांना विचारलं होतं, ती फांदी धरेल का हो? हे बघ काय लिहिलं होतं." सरांचं अक्षर थरथरलेलं, पण स्वच्छ होतं.

"वाळलेली आहे. मलाही दिसतंय. त्याला काही म्हणू नकोस, त्याच्या हातात आता दुसरी फांदी नाही. पडेपर्यंत बोलून घेतो."