छप्पन्नावं पान

वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकावर दोन शिक्के पडतात. पहिला शीर्षकपानावर, उघडपणे. दुसरा आतल्या एका ठरलेल्या पानावर, मजकुरात लपेल इतका बारीक, आणि ते पान कोणतं हे फक्त ग्रंथपालाला ठाऊक असतं. चोर पहिलं पान काढून मोकळा होतो आणि दुसऱ्यावर सापडतो. राजुऱ्याजवळच्या आमच्या खाणवस्तीतल्या वाचनालयात हे गुपित ग्रंथपाल सत्यशीला दुर्गे यांच्याकडे होतं. अकरा वर्षांत बाईंनी ते नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

बाई कडक. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याला त्या सरळ नळावर हात धुवायला पाठवायच्या. मी निवृत्त मुख्याध्यापक आणि समितीचा सदस्य, पण मलाही दोनदा नळ दाखवलाय. नवरा खाणीत पाय गमावून घरी बसलेला. चूल पेटायची ती या नोकरीवर.

पंच्याऐंशी साली केशव तळवेलकरांच्या साहसकथांची जन्मशताब्दी आवृत्ती निघाली. आमच्या पिढीनं ज्यांच्या चोरवाटा आणि भुयारं रॉकेलच्या दिव्यात वाचली, ते तळवेलकर. बारा खंड, हिरवी कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. फक्त पाचशे संच, आणि प्रत्येक खंडाच्या शीर्षकपानावर संचाचा क्रमांक हातानं लिहिलेला. सुटा खंड मिळणार नाही, असं प्रकाशकानं बजावलेलं. आमच्याकडे दोन संच आले. एक वाचनालयात, दुसरा सचिव भैयाजींच्या घरी, काचेच्या कपाटात. ते पुस्तक वाचत कमी आणि पुसत जास्त.

पुढच्या वर्षी भैयाजींच्या सातव्या खंडाला वाळवी लागली. महिनाभर त्यांनी त्याचं सुतक पाळलं. आणि दिवाळीनंतर वाचनालयाचा सातवा खंड नाहीसा झाला. देवघेवीच्या रजिस्टरात कुणाचंच नाव नाही. वाचनालयाची सरकारी तपासणी चार दिवसांवर आलेली.

भैयाजींनी स्वतःच्या घरी बैठक लावली आणि बाईंना निरोप धाडला. येताना राजीनामा लिहून आणा, नाहीतर पोलिसांत तक्रार करू.

मला भैयाजींचा संशय होता. खरं सांगतो, होता. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? मी गप्प बसलो.

बैठकीला आम्ही पाच जण, शिवाय बाइंडर वहाब. फाटक्या पुस्तकांची यादी द्यायला त्याला बोलावलं होतं. बाई आल्या. हातात राजीनामा नव्हता, रजिस्टर होतं. त्या कपाटासमोर थांबल्या. आत बाराच्या बारा खंड.

"भैयाजी, तुमचा सातवा तं वाळवीनं खाल्ला होता नं?"

"लागली होती. खाल्ला कोण म्हनलं?" भैयाजींनी स्वतःच खंड काढून टेबलावर आपटला. "नंबर पाहा. दोनशे बारा. माह्याच संचाचा हाय का नाई?"

नंबर बरोबर होता. शीर्षकपान स्वच्छ, शिक्का नाही. बाई गेल्या कामातून, असं मला वाटलं. त्यांनी खाली मान घालून पानं उलटायला सुरुवात केली. त्रेपन्न, चौपन्न. आणि पुढे एकदम सत्तावन्न.

"हे पान कुठी गेलं?"

"छपाईतच राह्यलं. मी प्रकाशकाले पत्र लिहून राह्यलो." भैयाजी हसले. "तुमी राजीनामा काढा, बाई."

बाईंचा हात पुस्तकावरच होता. त्यांनी वहाबकडे पाहिलं. वहाबची निम्मी कामं भैयाजींच्या शब्दावर चालायची. तो उठला, खंड खिडकीजवळ नेला, सत्तावन्न पानापाशी उघडून शिवण बोटानं चाचपली.

"भैयाजी, नाराज नका होऊ," तो म्हणाला. "छापखान्यात पान एकटं हरपत नाई. सोळा पानांचा फर्मा असते, घडी करून मधात धागा. छप्पन अन् सत्तावन ही मधातली जोडी, एकच कागद. राह्यला असता तं सत्तावनबी गेलं असतं. इथी सत्तावन हाय, अन् छप्पनची ही पट्टी उरली हाय. ब्लेड चालली. अन् पह्यलं पान पाहा, खळीनं चिकटवलं हाय. दुसऱ्या पुस्तकाचं."

भैयाजींचा चेहरा उतरला.

"माह्या शिक्क्याचं पान छप्पन हाय," बाई सावकाश म्हणाल्या. "मी कोनालेच सांगतलं नाई. तुमाले कसं कळलं?"

"त्यात सांगाचं काय हाय?" भैयाजी उसळले. "तुमच्या लोकाईले दुसरा आकडा सुचते तरी काय?"

बोलून गेल्यावर आपण काय कबूल केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. आमच्याही. छप्पन्न साली चांद्याच्या धम्मदीक्षेला बाईंच्या वडिलांनी दोन वर्षांच्या लेकीला खांद्यावर बसवून नेलं होतं, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. त्यावरून मागे एकदा कुणी थट्टा केली तेव्हा मीही हसलो होतो. त्या हसण्याची मला त्या खोलीत लाज वाटली.

अध्यक्ष पुटपुटले, "मिटवून टाका. फक्त 'खंड मिळाला' असं लिवा."

बाईंनी रजिस्टर उघडलं आणि उभ्यानंच लिहिलं. सातवा खंड सचिवांच्या घरी मिळाला, पान पंचावन्न-छप्पन्न ब्लेडनं कापलेलं. पेन माझ्यापुढे धरलं. "गुरुजी, सही."

आयुष्यात मी कुणाविरुद्ध सही केली नव्हती. केली. मग बाकीच्यांनीही केली. राजीनामा त्या दिवशी भैयाजींनी दिला.

परतताना बाई भराभर चालत होत्या, डोळे पुसत. मी शहाणपणा केला. म्हटलं, "बाई, आता ते पान सगळ्यांना कळलं. दुसरं ठरवा."

त्या थांबल्या.

"काऊन बदलू, गुरुजी? चोरी त्याईनं केली. आकडा माहा हाय."