अर्नोल्ड क्राउदर पडला नाही

अर्नोल्डचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजर त्याने कधी लावला नाही. उठून शेगडीतली राख काढायची, किटली ठेवायची, डब्यात चरबी लावलेला पाव भरायचा आणि बायकोची, एडनाची, झोप न मोडता बाहेर पडायचं. थॉर्पली खाणीचा पिंजरा पहिल्या पाळीची माणसं घेऊन खाली निघायचा, तेव्हा तो दाराजवळच्या कोपऱ्यात उभा असायचा. शेजारी मी.

त्याचं काम बोगद्याच्या छताला टेकू देण्याचं. ऐकायला सोपं वाटतं. लाकूड नेमकं कापावं लागतं, खालची जमीन खरवडून पक्की करावी लागते, आणि वरची पाचर शेवटच्या घावाला बसावी लागते, आधी नाही आणि नंतरही नाही. अर्नोल्डच्या टेकूला दुसऱ्या कुणी परत हातोडा लावलेला मी पाहिला नाही. घाई करणाऱ्या पोरांना तो म्हणायचा, "छताला घाई नाहीये, तुला कसली आहे?"

हा झाला पाळीवरचा अर्नोल्ड. सुट्टीतला अर्नोल्ड तिसऱ्या रिचर्ड राजाचा शिपाई होता, आणि त्याच्यामागून मीही.

रिचर्ड पाचशे वर्षांपूर्वी बॉस्वर्थच्या लढाईत मारला गेला आणि ट्यूडरांचं राज्य सुरू झालं. ट्यूडर म्हणजे आमच्याकडे घरचेच लोक. आठव्या हेन्रीचं लठ्ठ तोंड बिस्किटांच्या डब्यावर असतं, त्याच्या सहा बायका चहाच्या चमच्यांवर. कुठलीला सोडलं आणि कुठलीचं डोकं उडवलं, हे खासदाराचं नाव माहीत नसलेल्या माणसालाही पाठ असतं. भाजीच्या दुकानात दोन बायका त्या सहांतल्या एकीच्या, ॲन बोलिनच्या, वागण्यावरून भांडताना मी ऐकल्या आहेत. ती जणू मागच्या गल्लीत राहत होती. आमच्या यॉर्कशायरात मात्र रिचर्डची माणसं जास्त, कारण त्याची बरीच वर्षं आमच्याकडे गेली. तो कुबडा होता, पुतण्यांचा खुनी होता, असं आम्हाला शाळेत शिकवलं. अर्नोल्डचं त्यावर एकच म्हणणं असायचं. लिहिलं कुणी? जिंकणाऱ्याच्या पगारावरच्या लोकांनी.

दर ऑगस्टमध्ये लेस्टरच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या कुरणावर एक हौशी मंडळ ही लढाई पुन्हा लढून दाखवायचं. हजारो लोक तिकीट काढून यायचे. लढाई कशी संपणार हे सगळ्यांना ठाऊक, तरी येताना घडी करायच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन यायचे. एका बाजूला रिचर्डची फौज, समोर हेन्री ट्यूडरची, म्हणजे लठ्ठ हेन्रीच्या बापाची. तिसरी फौज स्टॅन्ली नावाच्या सरदाराची. ती टेकाडावर नुसती उभी राहून बघते, आणि लढाई रंगात आली की हेन्रीच्या बाजूने खाली उतरते. रिचर्ड तिथेच संपतो. त्या फितूर फौजेत जायला कुणी राजी नसायचं.

एका वर्षी दोरीपलीकडून एका बाईने अर्नोल्डला विचारलं होतं की तो सहा बायकांवाला हेन्री कुठे दिसेल. अर्नोल्डने टोप काढून अदबीने सांगितलं, "तो अजून जन्माला आलेला नाही, बाई. आज आम्ही जिंकलो तर येणारही नाही."

अर्नोल्डचा अंगरखा एडनाने जुन्या चादरींचे थर एकावर एक ठेवून शिवला होता. सुई जाईना म्हणून तिने चांभाराची आरी आणली. तो अंगरखा घामाने भिजला की एका हाताने उचलवायचा नाही. हत्यार म्हणजे लांब दांड्याला कोयत्यासारखं पातं, धार बोथट केलेलं. या खेळात एक गोष्ट समजून घ्यावी लागते. समोरचा पातं फक्त टेकवतो. लागलं की पडायचं, पण पडायचं की नाही ते पडणाऱ्याने स्वतः ठरवायचं. पंच नसतो. सगळा कारभार इमानावर. अर्नोल्ड त्यात चोख होता. बोटभर लागलं तरी पडायचा, आणि पडला की लढाई संपेपर्यंत हलायचा नाही, तोंडावर माश्या बसल्या तरी. एका साली माणसं कमी होती तेव्हा तो हेन्रीकडूनही लढला. शत्रू असणं हेही कामच आहे, म्हणाला.

मग आमचा संप झाला. एक वर्ष चालला. त्या वर्षात आम्ही काय खाल्लं आणि काय विकलं ते इथे सांगत नाही. अर्नोल्डसमोर राहणारा केन लिव्हरसिज आमच्याच टोळीत काम करायचा आणि रिचर्डच्या फौजेतही आमच्याच रांगेत असायचा. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी तो खिडक्यांना जाळी लावलेल्या बसमधून, पोलिसांच्या रांगेआडून, कामावर गेला. त्याची काय अडचण होती ती असेल. अडचण आम्हा सगळ्यांचीच होती. त्या दिवसापासून गावात कुणी त्याच्याशी बोललं नाही. अर्नोल्डने तर त्याच्या घराकडे पाहणंही सोडलं. समोरच्या घराकडे न पाहता रोज दार उघडायचं, हे वाटतं तितकं सोपं नाही.

संप मार्चमध्ये संपला. हरलोच आम्ही. बँड लावून कामावर परतलो.

त्याच ऑगस्टमध्ये बॉस्वर्थला पाचशे वर्षं होत होती. टीव्हीवाले येणार होते. थॉर्पलीहून आम्ही चौघंच जाऊ शकलो. केन त्याचा त्याचा आला होता. आमच्या रांगेत त्याला जागा नव्हती, म्हणून मंडळाने त्याला स्टॅन्लीकडे घातला होता.

मंडळाचे अध्यक्ष लँगटन. धंदा घरं विकण्याचा, आणि दरवर्षी हेन्री ट्यूडर तेच. सकाळी आम्ही चहा पीत होतो, तिथे ते घोड्यावरूनच आले. म्हणाले, स्टॅन्लीकडे माणसं फार कमी आहेत, कॅमेऱ्यात टेकाड रिकामं दिसतं, तुम्ही चौघं तिकडे जा.

अर्नोल्ड म्हणाला, नाही जाणार.

"मिस्टर क्राउदर, हे नाटक आहे."

"मग तुम्ही जा."

"मी हेन्री आहे."

"ते दिसतंय. घोड्याला विचारा."

आमच्यातला एक जण चहा सांडेपर्यंत हसला. लँगटन लाल झाले. खाली वाकून हळू आवाजात म्हणाले की तुमच्या गावाला नाही म्हणायची सवयच लागली आहे, आणि त्याने तुमचं काय भलं झालं ते सगळ्या देशाने पाहिलं.

अर्नोल्डने कप खाली ठेवला. "पाहिलं ना? मग आजही पाहू दे."

"आज कॅमेरे आहेत म्हणून मी तमाशा करत नाही. लढा रिचर्डकडूनच. पण ही लढाई संपली की तुमचं नाव मंडळातून कायमचं गेलं."

"संपली की?"

"संपली की."

अर्नोल्डने मान हलवली आणि टोप घातला. त्या मैदानाशिवाय त्याला दुसरी हौस नव्हती. बिअरही तो एकच ग्लास प्यायचा. वर्षभर काळोखात टेकू ठोकायचे ते ऑगस्टमधल्या या एका दुपारसाठी, हे एडनाला माहीत होतं, मला माहीत होतं. मी त्याला म्हटलं, "जाऊ दे ना गड्या, माफी माग संध्याकाळी." त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं.

लढाई नेहमीसारखी झाली. ऊन होतं, गर्दी कधी नव्हे एवढी होती. स्टॅन्लीची फौज टेकाडावरून उतरली, रिचर्डच्या वेषातला दातांचा डॉक्टर झकास आरडाओरडा करून मेला. मला एकाने मांडीला पातं टेकवलं आणि मी पडलो. मेलेल्या माणसाला सगळं नीट दिसतं. एक एक करत आमची फौज आडवी झाली. कर्ण्यावरचा माणूस भरल्या आवाजात सांगू लागला की इथे रिचर्डच्या प्लँटॅजेनेट घराण्याचा अंत झाला आणि इथेच ट्यूडर युगाचा...

तो थांबला. अर्नोल्ड उभा होता.

मेलेल्या राजाच्या डोक्याशी, पाय फाकून, दांडा जमिनीत रोवून. हेन्रीच्या दोघांनी त्याला पातं टेकवलं. तो हलला नाही. आणखी एकाने छातीला ढकललं. तो त्याच्याकडे असा बघत राहिला जसं पावसाकडे बघावं. नियम असा की जोराने मारायचं नाही. मारणाऱ्यांना पुढे काय करावं ते कळेना, कारण आजवर असं कुणी केलंच नव्हतं.

तेवढ्यात टेकाडाकडून केन आला. बाकीचे बाजूला झाले. त्याने पातं अर्नोल्डच्या खांद्याला लावलं.

"पड रे अर्नोल्ड. सगळे थांबलेत."

अर्नोल्ड त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता.

"लागलंय तुला. तू कधी खोटं खेळला नाहीस. पड."

केनने पातं उचलून पुन्हा टेकवलं.

"शिवी तरी दे. नऊ महिने झाले, एक शब्द तरी बोल."

मी हातभर अंतरावर पडलो होतो. अर्नोल्डच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती. त्याच्याकडे शब्द नव्हते असं नाही. पण तोंड उघडलं नाही.  केनचं पातं खाली आलं, आणि तो वळून कुणाकडे न बघता दोरीखालून गर्दीत निघून गेला. वाटेत त्याने टोप काढून गवतात टाकला.

कर्ण्यावरचा माणूस खाकरला. "थोड्याच वेळात," तो म्हणाला, "ट्यूडर युगाला सुरुवात होईल."

गर्दी हसली. पाठीमागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी ओरडून आठव्या हेन्रीला लवकर सोडा म्हणालं. मेलेला रिचर्ड डोळे मिटूनच पुटपुटला, "अर्नोल्ड, माझ्या नाकावर मुंगी चढलीय रे. अजून किती?"

"पडून राहा, महाराज," अर्नोल्ड म्हणाला. "तुमचं काम झालं."

लँगटन घोड्यावरून जवळ आले. ओठ न हलवता म्हणाले, "खाली पडा, क्राउदर. कॅमेरा चालू आहे."

"लढाई संपली नाही अजून."

"तुम्ही एकटे आहात."

"मोजता येतं मला."

शेवटी त्यांनी वाट पाहणं सोडलं. मुकुट आणला, हेन्रीच्या डोक्यावर ठेवला, तुताऱ्या वाजल्या. हे सगळं अर्नोल्डच्या समोर झालं आणि तो तसाच उभा. नुसतं उभं राहणं हे लढण्यापेक्षा जड काम आहे, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. हात चालले की अंगाला विसर पडतो. नुसतं उभं राहिलं की गुडघा बोलतो, पाठ बोलते, भिजलेला अंगरखा खांद्यातून खाली ओढतो. त्याने पाय एकदाही बदलला नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत जे फोटो आले त्यांत मुकुट घातलेला हेन्री हसतोय आणि त्याच्या कोपराच्या मागे रिचर्डचा एक शिपाई ताठ उभा आहे. त्याला छापताना कापायला जागा नव्हती.

लोक पांगले, दोऱ्या सोडल्या, मेलेले उठून चहाला गेले. मग अर्नोल्डने दांडा उपटला. तंबूत लँगटनने सर्वांसमोर सांगितलं की क्राउदरचं नाव मंडळातून काढलं आहे आणि पुन्हा त्याने मैदानावर पाऊल ठेवायचं नाही. दातांच्या डॉक्टरने त्याच्यासाठी दोन शब्द टाकले, पण हात वर करायची वेळ आली तेव्हा वर झालेले हात थोडे होते. आम्ही बसने परत निघालो. अर्नोल्डच म्हणाला, "वाईट तोंडं करू नका. मला कुणी पाडलं नाही."

पण पुढचं वर्ष त्याला जड गेलं. अंगरखा जिन्याखाली लटकत होता. रविवारी तो परसात उगाच कुंपण दुरुस्त करायचा. त्यात पुढच्या जुलैमध्ये खाण बंद झाली. शेवटच्या पाळीलाही त्याने एक टेकू बसवला, रोजच्याइतकाच नीट, ज्या बोगद्यात पुन्हा कुणी जाणार नव्हतं तिथे. मुकादम म्हणाला, कशाला मरतोस आता? अर्नोल्ड म्हणाला, अर्धा ठोकलेला टेकू मला झोपू देणार नाही.

शेवटच्या आठवड्याचा पगार पाकिटात मिळाला. एडनाला कितीतरी वर्षं नवा ओव्हन हवा होता, जुन्याचं दार दोरीने बांधावं लागायचं. त्याने पाकीट तिच्यासमोर ठेवलं आणि ओव्हन आणू म्हणाला. तिने विचारलं, तुला मैदानावर जायला मनाई आहे, की दोरीबाहेर बसायलाही? तो म्हणाला, दोरीबाहेर कोण अडवणार, तिकीट काढलं की झालं. एडना म्हणाली, "मग ओव्हनच्या दाराची दोरी माझी अजून वर्षभर टिकेल."

ऑगस्टमध्ये थॉर्पलीहून एक आख्खी बस निघाली. आमच्या गल्लीतली माणसं, बायका, पोरं, दोन आज्या, बँडमधले तिघं, आणि प्रत्येकाच्या टोपीला एडनाने शिवलेला, रिचर्डच्या बाजूची खूण असलेला, यॉर्कचा पांढरा गुलाब. फाटकावर लँगटन स्वतः आले. अर्नोल्डने त्यांच्या हातात तिकिटांचा गठ्ठा दिला आणि मोजून घ्या म्हणाला. आम्ही दोरीलगत बसलो, डुकराचं मांस भरून भाजलेले मैद्याचे पोर्क पाय खाल्ले, लढाई बघितली. रिचर्ड मेला, स्टॅन्लीवाले नाचले, मुकुट आला. कर्ण्यावर ट्यूडर युग सुरू झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा अर्नोल्ड उठला. मग आम्ही सगळे उठलो, पोरांना उठवलं, आज्यांना हात दिला, आणि नव्या राजाकडे पाठ करून उभे राहिलो. तुताऱ्या संपेपर्यंत.

बस, तिकिटं आणि माणशी एक पोर्क पाय. थॉर्पली खाणीतला अर्नोल्ड क्राउदरचा शेवटचा पगार एवढ्याला पुरला.