फाटकाजवळचा गठ्ठा

“डॉक, गाई वाळत चालल्यात. तू तर म्हणाला होतास, गवत पुरेल!”

जानेवारी २००६. फोनवर वॉल्टर होता. उत्तर टेक्सासमध्ये त्याच्या साठ गाई, सगळ्या गाभण, फेब्रुवारीअखेर विणाऱ्या. मी काउंटीच्या ऑफिसात पशुआहाराचा सल्लागार. रँचवाल्यांना स्वस्तात हिवाळा कसा काढायचा ते सांगणं हे माझं काम. गाई मांसासाठीच्या. पुण्यातल्या नातेवाइकांना मी ‘डेअरीत आहे’ असं सांगायचो. तीही दुरुस्ती इथेच करून टाकतो.

हिवाळ्यात गाईंना वाळलेलं गवत घालतात. त्यात प्रोटीन किती, ते लॅब सांगते. पुरेसं असेल तर वरून पेंड घ्यावी लागत नाही. सॅम्पल काढायला ड्रिलला एक लांब पोकळ नळी लावतात. ती गठ्ठ्यात घुसवून चिमूटभर गवत काढायचं. एका नाही, वीस गठ्ठ्यांतून.

नोव्हेंबरात मी नळी घेऊन गेलो तेव्हा गठ्ठे कुंपणाच्या आत, पलीकडच्या टोकाला होते. मधे बैल. काळा, पिकअपएवढा.

“जा की,” वॉल्टर म्हणाला. “तू इंडियाचा. तुला काय करणार तो?”

ही ख्याती मीच पसरवली होती. आमच्याकडे गाईबैल माणूस ओळखतात वगैरे बरंच काही मी त्याच्याकडे कॉफी पिताना सांगितलं होतं. प्रत्यक्षात परभणीला व्हेटरनरी शिकताना एका बैलाने मला पाण्याच्या हौदात टाकलं होतं. त्यानंतर मी आहारशास्त्राकडे वळलो. कागद ढुशी मारत नाही.

वॉल्टर काही कामाला घरात गेला. फाटकाला लागून एक सुटा गठ्ठा होता. मी त्यातच वीसदा नळी घुसवली आणि फॉर्मवर लिहिलं: वीस गठ्ठे.

रिपोर्ट झकास आला. प्रोटीन बारा टक्के! गाभण गाईला आठ पुरतं. “पेंड घेऊ नकोस,” मी ऐटीत सांगितलं.

आता जानेवारीत त्याच गाईंच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. अशा गाई विताना अडतात. मी पुन्हा नळी घेऊन गेलो. या वेळी वॉल्टरची बायको लोर्ना बरोबर आली. तिने बादली वाजवली आणि बैल कुत्र्यासारखा तिच्या मागे गेला.

“फाटकाजवळचा गठ्ठा कुठाय?” मी सहज विचारल्यासारखं केलं.

“तो माझ्या घोडीचा होता. चांगला, लसूणघास मिसळलेला. गाईंना कोण घालतंय तो!”

नवा रिपोर्ट: पाच टक्के. आधीचे बारा त्या घोडीच्या घासाचे होते.

स्वयंपाकघरात दोघं माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून निघालं, “पाऊस. गठ्ठे उघड्यावर होते ना, प्रोटीन धुऊन गेलं.”

“पाऊस? पडला कधी?” वॉल्टरने विचारलं.

“एक सर पुरते.”

लोर्ना नवऱ्याकडे वळली. “तीस वर्षं सांगतेय, ताडपत्री घाल म्हणून!” त्याने मान खाली घातली. मी कॉफी प्यायलो.

पुढचं काम मात्र नीट केलं. सरकीच्या पेंडीचे अंगठ्याएवढे क्यूब आणवले. रोज घालण्यात डिझेल जातं. आठवड्याचा वाटा तीन खेपांत दिला तरी गाईंना चालतं. पहिलटकरणी आणि वाळलेल्या गाई वेगळ्या काढल्या, कारण दांडग्या गाई त्यांना खाऊ देत नाहीत. गाई सावरल्या. एक वासरू मात्र फार अशक्त जन्मलं. लोर्नाने ते दोन दिवस स्टोव्हशेजारी ठेवलं. जगलं नाही.

तेव्हापासून वॉल्टर दर हिवाळ्यात, दुखऱ्या गुडघ्याने, गठ्ठ्यांवर चढून ताडपत्र्या बांधतो.

मी रिटायर होऊन गाडीने दोन तासांवरच्या अर्विंग शहरात मुलाकडे आलो. परवा न राहवून फोन केला.

“वॉल्टर, पावसाने काही झालं नव्हतं. मी बैलाला भ्यालो होतो.” आणि सगळं सांगितलं.

“म्हणजे ताडपत्री...”

“ती फायद्याचीच आहे. वरचं गवत कुजत नाही.”

“ते मला सांगू नकोस, डॉक. गुडघा माझा आहे.” मग म्हणाला, “थांब, लोर्नाला देतो. वासराचं तिला तूच सांग.”

सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “शनिवारी ये. गठ्ठे झाकायचेत.”

सॅम्पल वीस गठ्ठ्यांतून घ्यावं. बैल आडवा आला म्हणून एकातूनच घेतलं, तर फॉर्मवर ‘एक’ लिहावं. निदान गुडघे वाचतात.