जळालं म्हणा

लातूरच्या कॉलेजात शाहेदा मॅडमच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी आम्ही काही शिकलो असू, तर हात वाळवायला. आधी स्पिरिटनं हात पुसायचे आणि उजेडाकडे तळवे धरून उभं राहायचं. मॅडम एकेकाच्या तळव्यावरून बोट फिरवून "हं" म्हणेपर्यंत दिव्याला काडी लावायची नाही. स्पिरिटची बाटली दिव्याच्या टेबलावरसुद्धा चालत नसे, तिची जागा पलीकडच्या खिडकीत. एका मुलानं घाईनं ओल्या हातांनीच चिमटा दिव्यावर धरला, तर मॅडमनी त्याला मनगटाला धरून थेट व्हरांड्यात नेऊन उभं केलं.

"स्पिरिटचा जाळ दिसत न्हाई, बाबा. तुला दिसंस्तोर चामडी गेलेली असती. सायन्स नंतर शिक. आधी थांबायला शिक."

मॅडम मूळच्या उदगीरच्या. वडिलांचं तिथल्या बाजारात तराजू-काटे दुरुस्तीचं दुकान होतं, पुढं ते धाकट्या भावानं चालवलं. घरात दखनी उर्दू, बाजारात आमच्यासारखी मराठी आणि वर्गात दोन्हींची सरमिसळ. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "तुरीशी झालंय की!"

ते खोटं नव्हतं. शेंगा पोखरणाऱ्या अळीला मानवणार नाही असा एक जीन तुरीत घालायचा, हा त्यांचा ध्यास होता. जीन घालणं त्यातल्या त्यात सोपं. दाण्याला बारीक काप द्यायचा आणि एका जिवाणूकरवी तो आत पोचवायचा. खरी परीक्षा पुढं असते. जीन शिरलेल्या त्या एवढ्याशा तुकड्यातून मुळं, खोड, पानं असलेलं अख्खं रोप उभं करायचं, आणि तूर तिथंच पाय रोवून बसते. तुकडे ठेवलेल्या बाटल्याच्या बाटल्या काळ्या पडायच्या. आम्ही हिरमुसलो की मॅडमना उलट चेव यायचा. "तंबाखू लाचार असती. कुठला बी तुकडा ठेव, उगवती. तूर मानी हाय. तिची मर्जी सांभाळावं लागतंय."

मी शिरूर अनंतपाळकडची. आमच्या रानात तूर असायची, अन् फवारणीच्या दिवसांत वडील रात्रभर डोळे चोळत बसायचे. म्हणून असेल, एम.एस्सी. झाल्यावर मी मॅडमच्याच हाताखाली सहायक म्हणून लागले. खूप वर्षांच्या नासाडीनंतर एका हिवाळ्यात काही बाटल्यांच्या तळाशी पांढरी मुळं दिसली. मॅडमनी एक बाटली उजेडाला धरली आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "हळू बोल. घाबरतील."

त्याच सुमाराला त्यांच्या कानाखाली गाठ आली. साधीच होती. लातूरच्याच एका खाजगी दवाखान्यात ती काढायचं ठरलं. फक्त तेवढी जागा बधिर करायची, पूर्ण भूल नाही. उदगीरहून आलेला भाऊ आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो.

आत काय झालं ते मॅडमनीच नंतर सांगितलं. मान स्पिरिटच्या औषधानं पुसली, तोंडावर हिरवं कापड टाकलं, कापडाखाली ऑक्सिजनचा मास्क. औषधाचे ओघळ मानेखाली गादीपर्यंत गेलेले त्यांना गार लागत होते. रक्त थांबवायला डॉक्टर विजेची कांडी वापरणार हे त्यांना माहीत होतं. कापडाखालून त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाब, थांबा. वाळू द्या. अन् तो ऑक्सिजन बंद करा."

डॉक्टर हसले. "मॅडम, ही तुमची लॅब नाही."

आणि भक्कन आवाज झाला.

बाहेर आम्हाला धावपळ ऐकू आली. डॉक्टर बाहेर आले तेव्हा चेहरा शांत होता. "काळजीचं काही नाही. औषधाची जरा रिअ‍ॅक्शन आलीय, त्वचेला." त्यांच्या मागून दार उघडं राहिलं होतं आणि त्यातून केस जळाल्याचा वास येत होता. भावानं माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही, याचा मला आजही राग येतो. पण त्या डॉक्टरचा जास्त येतो. वास येत असताना माणूस असं बोलू तरी कसा शकतो?

मॅडमची मान, अर्धा गाल आणि एक कान जळाला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेजवळ आले. पुढच्या सगळ्या उपचारांचा खर्च आमच्याकडे, हैदराबादला चांगल्या सर्जनकडे पाठवतो, म्हणाले. पट्ट्यांमधून मॅडमचे ओठ कसेबसे हलत होते.

"उपचार ऱ्हाऊ द्या. जळालं म्हणा."

"अहो, रिअ‍ॅक्शन—"

"पोरांना हेच शिकवत जिंदगी गेली माझी. मला रिअ‍ॅक्शन सांगायलात? जळालं म्हणा."

त्यांनी म्हटलं नाही. मॅडमनी डॉक्टरांवरच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैद्यकीय परिषदेत तक्रार दिली. जखम भरल्यावर त्या कॉलेजात आल्या तेव्हा ओढणी डोक्यावरून घेतलेली होती, पण जळालेली बाजू मुद्दाम उघडी. स्टाफरूममध्ये माणसं नजर चुकवत. मॅडम खुर्ची फिरवून तीच बाजू त्यांच्याकडं करत.

डॉक्टर आमच्या संस्थेच्या सचिवांचे मेव्हणे. सचिवांनी मॅडमना बोलावलं, मलाही सोबत. चहा मागवला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. डॉक्टर काय मुद्दाम जाळतील तुम्हाला?"

"मुद्दाम न्हाई, म्हणूनच तर बोंबलायलेय," मॅडम म्हणाल्या. "मुद्दाम केलं असतं तर एकटी मी जळाले असते. हे चुकून झालंय. कबूल केलं न्हाई तर उद्या दुसरं कुणी जळणार."

चहा तसाच राहिला. महिन्याभरात संस्थेनं आमच्या लॅबची जैवसुरक्षा समितीच बरखास्त केली. खर्च परवडत नाही, हे कारण. जीन बदललेली रोपं अशा समितीशिवाय ठेवता येत नाहीत. ती नष्ट करावी लागतात. मॅडमना कुणी शिक्षा केली नाही, कुणी आवाज चढवला नाही. फक्त एक सही केली, आणि त्या सहीनं मुळं धरलेली आमची सगळी तूर बेकायदा झाली.

मी मॅडमना म्हटलं, "दोन बाटल्या मी गावाकडं नेते. कुणाला कळणार नाही. दोन बाटल्यांनी काय होतंय?"

त्या माझ्यावर इतक्या संतापल्या की पुसायचं फडकं त्यांनी टेबलावर आपटलं. "एवढ्यानं काय होतंय, असंच ते बी म्हणले असतील त्या दिवशी. तू बी तेच म्हणायलीस? उद्या ही तूर तुझ्या बापाच्या रानात फुलली, माशीनं शेजारच्या रानात नेली, मग? तपासल्याबिगर कुणाच्या ताटात घालायची? माझ्यावर अन्याय झाला म्हणून मला बेइमानीचं लायसन मिळालं का?"

मी रडत होते. त्या रडल्या नाहीत. बाटल्या त्यांनी स्वतः ऑटोक्लेव्हमध्ये रचल्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठ्ठा कुकरच. झाकण आवळलं, वाफ चढली. थोड्या वेळानं लॅबभर शेंगा उकडल्यासारखा वास पसरला. हिवाळ्यात आमच्याकडं घरोघर येतो, अगदी तसा. मला तेव्हापासून उकडलेल्या शेंगा खाववत नाहीत.

मॅडमनी राजीनामा दिला आणि नांदेडच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवू लागल्या. तिथं लॅब म्हणजे सूक्ष्मदर्शक आणि मोडकी स्टुलं. तक्रारीच्या तारखा वर्षानुवर्षं पडत राहिल्या. प्रत्येक तारखेला डॉक्टरांचा वकील 'रिअ‍ॅक्शन' म्हणे.

मग एका रविवारी, मी नांदेडला त्यांच्या घरी असताना, एक तरुण डॉक्टर दारात आले. त्या दिवशी ऑक्सिजन सांभाळणारे भूलतज्ज्ञ हेच. उभ्यानंच म्हणाले, "मॅडम, जळालं होतं. तुम्ही सांगितलं ते मी ऐकलं होतं. ऑक्सिजन बंद करायचा माझा हात पुढं गेला होता. सर 'चालतंय' म्हणाले, मी थांबलो."

मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं नाही. "हे मला का बरं सांगायलात? मला म्हाईत हाय. तिथं सांगा."

"माझं काम जाईल, मॅडम. लातुरात कुणी बोलावणार नाही."

"माझं बी गेलं. जेवून जा, पण तिथं सांगा."

ते जेवले नाहीत. पण पुढच्या तारखेला त्यांनी सांगितलं. निकाल लागला. निष्काळजीपणानं रुग्ण भाजला, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. शिक्षा म्हणून डॉक्टरांना ताकीद. नुसती ताकीद! दवाखाना चालू आहे, सचिव सचिवच आहेत. त्या तरुण डॉक्टरांचं मात्र लातुरातलं काम खरंच तुटलं. ते आता औशाला असतात.

मी पेढे घेऊन नांदेडला गेले. मॅडम जिंकल्या होत्या, निदान मला तसं वाटत होतं. 'भाजला' हा तो एक शब्द मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. मॅडम पेढ्याकडं बघत राहिल्या आणि एकदम फुटल्या. "एक लफ्ज बोलायला एवढी वर्षं लावली हरामखोरांनी. पहिल्याच दिवशी बोलले असते तर माझी तूर जगली असती गं. पानं किती हिरवी होती तिची!"

भाजल्यावर रडल्या नव्हत्या, ऑटोक्लेव्हसमोर रडल्या नव्हत्या. त्या दिवशी रडल्या, आणि रडता रडता शिव्या देत राहिल्या. आधी मराठीतून, मग दखनीतून, शेवटी उदगीरच्या बाजारातल्या कानडीतून. शेजारीण दारात येऊन बघून गेली. मी त्यांना गप्प केलं नाही. पाण्याचा तांब्या जवळ सरकवला, आणि त्या पाणी प्यायला थांबल्या तेव्हा उरलेल्या शिव्या मी घातल्या.