मावशींच्याच रक्ताला पावणारी गाळणी

आमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. चाळिशी उलटलेली, अंगाने किरकोळ, तोंडाने फटकळ. दुसऱ्या मजल्यावर यायचं तर मधल्या पायरीवर टेकल्याशिवाय त्यांना जमायचं नाही. "मावशी, जिना झिजला तुमच्या बसण्यानं!" असं आमचे संशोधक वरून ओरडायचे. आणि हे सगळे रक्ताचे अभ्यासक, बरं का!

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे आमचे सर, त्यांनी एक गाळणी बनवली होती. टपालाच्या तिकिटाएवढी चिप, तिच्यात केसाहून बारीक वाटा, वाटांमध्ये ओळीने खांब. एका टोकाने रक्त सोडलं की लाल पेशी अंग चोरून फटींतून सटकायच्या आणि थोराड पांढऱ्या पेशी खांबांशी अडकायच्या. झालं वेगळं! कल्पना चांगलीच होती, खोटं कशाला बोलू? पण रोज ताजं रक्त द्यायचं कुणी? संशोधकांच्या शिरा म्हणे सापडत नसत. मावशींच्या बऱ्या सापडायच्या. दर सोमवारी मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधून दोन नळ्या भरायची.

"दुखतंय का हो?"

"दुखलं तर काय, परत ओतणार आहेस?"

गाळणी वर्षभरात एकदाही तुंबली नाही. सर फुलून गेले. शोधनिबंध छापून आला, त्यात लिहिलं होतं, 'निरोगी प्रौढ स्त्रीचे रक्त'. पेशी मोजणारं यंत्र दर सोमवारी एक कागद काढायचं. पांढऱ्यांचा आकडा वरच्या ओळीत, लाल पेशी आणि हिमोग्लोबिन खालच्या ओळींत, त्यांच्या शेजारी 'कमी' सांगणारा खाली तोंड केलेला बाण. सरांना पांढऱ्या हव्या होत्या, खालचं वाचतो कोण? कागद फाईलला लावणं माझं काम. वाचणं माझं काम नाही, एवढीच माझी अक्कल.

मावशींची लेक बाहेरगावी नर्सिंग शिकत होती. ती सुट्टीत आली, आईची पापणी खाली ओढून पाहिली आणि तिला तडक दवाखान्यात घेऊन गेली. हिमोग्लोबिन सात, बारा हवं तिथे. पाळीत फार रक्त जाण्याचा त्रास वर्षानुवर्षं अंगावर काढलेला. औषधं सुरू झाली. लेक मला भेटायला आली.

"ताई, तुम्ही दर आठवड्याला हिचं रक्त तपासता ना?"

"तपासत नाही गं, गाळतो," मी म्हणाले. याहून लाजिरवाणं वाक्य मी जन्मात बोललेले नाही.

मावशींचं रक्त घेणं बंद झाल्यावर नाइलाजाने मी स्वतःचं रक्त दिलं. गाळणी अर्ध्या मिनिटात तुंबली. मग दोघा संशोधकांच्या शिरा अचानक सापडल्या. त्यांच्याही रक्ताने तुंबली. सर आमच्यावरच खेकसले, "तुमची रक्तं दाट आहेत!" दाट कसली, चारचौघांसारखी होती. पातळ होतं ते मावशींचं. लाल पेशी मुळातच कमी, म्हणून वाटा मोकळ्या राहत होत्या.

हे डोक्यात शिरल्यावर तरी माणूस खजील होईल की नाही? सरांनी मावशींना खोलीत बोलावलं, खुर्ची दिली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

"पुढच्या महिन्यात गाळणी बघायला पाहुणे येतायत. तोवर गोळ्या थांबवल्या तर? विज्ञानासाठी म्हणतोय मी."

मावशी खुर्चीवर बसल्याच नव्हत्या. "सर, आजारी तुमची गाळणी आहे. गोळ्या तिला द्या."

शेवटी पाहुण्यांसमोर सरांनी रक्तात निम्मं मिठाचं पाणी मिसळून चिप चालवली. एका म्हाताऱ्या पाहुण्याने विचारलं, "दुधातही तुम्ही एवढंच घालता का?" सरांना त्यांच्याबरोबर हसावं लागलं.

मी वर्षभराचे कागद काढले आणि निबंध छापणाऱ्यांना पाठवून दिले. तीन महिन्यांनी त्यांनी एका ओळीची दुरुस्ती छापली, 'दात्यास सौम्य रक्तक्षय होता.' सौम्य! सरांनी सुचवलेला शब्द. सर आता माझ्याशी चिठ्ठीनेच बोलतात. माझी तक्रार नाही.

मावशी आता तरतरीत दिसतात. परवा सरांनी सवयीने आपला चहाचा कप त्यांच्या धुण्याच्या टबात ठेवला. मावशींनी तो उचलून त्यांच्या हातात दिला. "मी प्रयोगाचं सामान धुते, सर. हा तुमचा." सर कप घेऊन बेसिनपाशी गेले आणि साबण कुठे असतो ते शोधत बराच वेळ उभे राहिले.