पिवळ्या उजेडाचा टॉर्च

सैन्यात माझा ट्रेड नर्सिंग असिस्टंटचा. ज्या पोस्टवर डॉक्टर नसतो तिथे त्याच्या जागी जो असतो, तो मी. गोळ्या देणं, टाके घालणं, आणि रेडिओवरून खाली बेसवरच्या डॉक्टर साहेबांना पेशंटची हालत सांगणं. नायक म्हणून पेन्शनवर आलो. आता धामणगाव बढ्याला राहतो. थोडी शेती आहे. बाकी गावात कोणी पडलं, कोणाचा हात कापला, कोणाला विंचू चावला की आधी मला हाक येते. त्यामुळे टॉर्च कायम माझ्या पॅन्टच्या उजव्या खिशात असतो. शीला, माझी बायको, सगळ्यांना सांगते की हा माणूस चष्मा विसरन, पन टॉर्च नाही.

तो टॉर्च दिवाळीच्या आधी फवारणीच्या ड्रममध्ये पडला. मी वाकलो आणि खिशातून सुटला. काढला, पुसला, उन्हात ठेवला, तांदळाच्या डब्यात ठेवला. तांदूळ फेकून द्यावे लागले म्हणून दोन दिवस बोलणी खाल्ली. टॉर्च काही लागला नाही.

शीलाला म्हटलं, या वेळी जरा चांगला घेतो. हजाराच्या आत.

ती भाकर थापता थापता थांबली. "हजाराचा टॉर्च? काऊन, त्याले सोन्याचं झाकन हाय काय?"

"वापरायची वस्तू आहे."

"घ्या मंग. पन ड्रममंदी पडला तं मले सांगू नका."

एवढ्यावर मंजुरी मिळाली. सैन्यात याहून साध्या गोष्टीला तीन सह्या लागायच्या.

मलकापूरला रफिकभाईंचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. मी सुट्टीवर यायचो तेव्हा गाडीतून मलकापूरला उतरायचो आणि बस लागेपर्यंत ट्रंक त्यांच्याकडे ठेवायचो. तेव्हापासूनची ओळख. माणूस दिलाचा मोठा आणि तोंडात सदा पान.

"बोला फौजी, कसा देऊ?"

"खिशात मावनारा. मोबाइलच्या वायरनं चार्ज होनारा. सेल इथं मलकापुरात भेटला पाह्यजे. आन एकदा दाबलं का लागला पाह्यजे, पाच खेपा दाबाचं नाही."

त्यांनी काउंटरवर सहा-सात टॉर्च मांडले. एकाचं तोंड पुढे-मागे सरकत होतं. एक पोलिसांच्या गाडीसारखा लुकलुकत होता. एकाच्या बुडाला गाडीची काच फोडायची हातोडी होती. खोक्यांवर उजेडाचे, म्हणजे लुमेनचे, आकडे असे छापलेले की मलकापूरचं अख्खं स्टेशन एकट्या टॉर्चनं उजळावं. मी खोकी बाजूला सारली. छापलेल्या आकड्यावर मी टॉर्च घेत नाही. लोकांनीही घेऊ नये.

"हा पाहा, दोन किलोमीटर जाते," रफिकभाई म्हणाले.

"भाई, मले दोन किलोमीटरवरचं काहीच पाह्याचं नाही. हातभरावरचं पाह्याचं हाय."

मी शटरच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभा राहिलो आणि एकेक टॉर्च स्वतःच्या हातावर मारून पाहायला लागलो. आधी तळहात, मग नखं. रफिकभाई म्हणाले, "हात काऊन पाहून राह्यले? भविष्य सांगता काय?"

"तुमी जरा इकडं या. ओठ दाखवा."

"फौजी, या वयात माह्ये ओठ पाहून काय करता?"

दुकानात वायर मोजून घेत असलेला एक गिऱ्हाईक मोठ्यानं हसला. पण रफिकभाई आले. पानानं त्यांचे ओठ लालबुंद असतात, हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे. मी पहिला टॉर्च मारला. ओठ जांभळट दिसले. दुसरा मारला, तेच. तिसऱ्यात तर पान खाल्लंय की शाई प्यालेत ते कळेना.

"तुमचे ओठ निळे दिसून राह्यले, भाई."

"मंग काय, भरती करता काय मले?"

"हसू नका," मी म्हटलं. "या निळ्या रंगापायी आमचा एक माणूस गेला असता."

त्यांनी स्टूल पुढे केलं आणि समोरच्या टपरीवाल्याला दोन चहा सांगितले. तेव्हा त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

पोस्ट उत्तरेला, बर्फात होती. नाव सांगायचं कारण नाही. फायबरचा एक हट, मध्ये ऊब द्यायला केरोसिनची शेगडी, म्हणजे बुखारी, आणि आम्ही आठ जण. पोस्ट कमांडर होते हवालदार बलबीर सिंग, हिमाचलचे. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. सकाळी स्टँड टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर उभं राहणं, मग रेडिओ चेक, मग बर्फ वितळवून पाणी. हवा बरी असली की लिंक पेट्रोल, म्हणजे शेजारच्या पोस्टपर्यंतची गस्त. माझं ठरलेलं काम म्हणजे रोज सगळ्यांचे मोजे काढायला लावून पायाची बोटं पाहणं. त्या कामात मी फार शिव्या खाल्ल्या आणि एकाचंही बोट जाऊ दिलं नाही.

त्या हिवाळ्यात नवे एलईडी टॉर्च वर आले. हलके, पांढरेशुभ्र, लख्ख. पोरं खूश झाली. एक टॉर्च आम्ही हटच्या छताला टांगला आणि त्याच उजेडात सगळे व्यवहार सुरू झाले. उस्तादांना तेवढा तो आवडला नाही. त्यांच्याकडे जाड सेलचा, बल्बवाला जुना टॉर्च होता, चिकटपट्टी गुंडाळलेला. जेवताना ते कोपऱ्यात बसून तो पेटवायचे आणि त्याचा उजेड जेवणाच्या डब्यात, मेस टिनमध्ये धरायचे.

"इस सफेद लाइट में दाल भी मरी हुई लगती है," म्हणायचे.

पोरं हसायची. उस्ताद शांतपणे जेवायचे.

मग बर्फ सुरू झाला तो थांबेना. हेलिकॉप्टर बंद. आणि नेमके त्यातच दोघं आजारी पडले. सिपाही राकेशचं डोकं फुटायला आलं होतं. तो ओकत होता, कण्हत होता, आईला हाका मारत होता. दुसरा लान्स नायक सुरजन, राजस्थानचा. तो स्लीपिंग बॅगमध्ये पडून खोकत होता. पोस्टवर मलाच सगळे डॉक्टर म्हणायचे. मी विचारलं की म्हणायचा, "ठीक हूँ डॉक्टर, राकेश को देखो."

उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं. त्या आजाराला फौजेत हापो म्हणतात. ज्याला तो झाला त्याला ऑक्सिजन लावून लवकरात लवकर खाली न्यावं लागतं, नाही तर माणूस राहत नाही. आमच्याकडे भरलेला सिलिंडर एकच होता. आठातले दोघं आजारी, पोस्टवर किमान दोघं हवेत, उरले चार. चार जणांत एकच माणूस उचलून नेता येतो. म्हणजे दोघांपैकी हापो कोणाला आहे, हे मला सांगायचं होतं.

संध्याकाळी डॉक्टर साहेब रेडिओवर आले. शांत माणूस. एकेक विचारत गेले.

"साँस?"

"दोनों की तेज़ है, सर."

"ऑक्सिमीटर?"

"ठंड से बंद है, सर."

"छाती?"

"बाहर तूफ़ान है सर, कुछ साफ़ सुनाई नहीं देता."

"होंठ और नाखून देखो. रंग बताओ. ओव्हर."

मी छताचा टॉर्च काढून राकेशवर मारला. ओठ निळे, नखं निळी. सुरजनवर मारला. निळे. मग शंका आली म्हणून रेडिओवर बसलेल्या ऑपरेटरवर मारला. तो ठणठणीत होता. त्याचेही ओठ निळे. शेवटी ग्लोव्ह काढून स्वतःची नखं पाहिली.

"सर, सबके नीले हैं."

"सबके?"

"सबके, सर. मेरे भी. ओव्हर."

मग साहेब म्हणाले, "फिर से देखो. सिलिंडर एक है. ग़लत आदमी को मत लगाना."

मी घाबरलो. आजही ते कबूल करायला लाज वाटत नाही. सगळ्यांचं मत राकेशकडे होतं, कारण तो ओरडत होता. मेंदूला सूज आली तर माणूस लटपटतो, म्हणून मी त्याला उभं करून सरळ रेषेत चालवलं. ओकत ओकत का होईना, तो नीट चालला. त्यानं माझा गोंधळ वाढलाच.

उस्ताद म्हणाले, "पहले सब खाना खाओ. सुबह आदमी उठाना है."

हुकूम तो हुकूम. सगळ्यांनी टिन हातात घेतले. उस्ताद त्यांच्या कोपऱ्यात गेले आणि त्यांनी त्यांचा टॉर्च पेटवला. टिनमध्ये भात होता आणि बाजूला मिरचीचं लोणचं. माझी नजर सहज गेली. लोणचं लाल होतं. चांगलं लालभडक. टिनच्या काठावर उस्तादांचा अंगठा होता, त्याचं नखही गुलाबी दिसत होतं.

"उस्ताद, टॉर्च दो."

"खा तो लेने दे, भाई."

"अभी दो."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता टॉर्च दिला. मी पांढरे टॉर्च सगळे बंद करायला लावले. त्या पिवळ्या उजेडात राकेशचे ओठ फुटलेले होते, पण लाल होते. नखं गुलाबी. मग सुरजनची बॅग उघडली. त्याचे ओठ पिकल्या जांभळासारखे झाले होते आणि नखं पाटीच्या रंगाची. त्याला उठून बसवलं आणि गावाचं नाव, बापाचं नाव सांगायला लावलं. त्याला एका दमात दोन नावं सांगता आली नाहीत. पुढच्या हेलिकॉप्टरनं तो बहिणीच्या लग्नाला जायचा होता. आजारी म्हणून खाली गेलो तर घराऐवजी हॉस्पिटलात जाईन, या भीतीनं गडी गप्प पडून राहिला होता.

"सर, सुरजन. पक्का. ओव्हर."

"सिलिंडर लगाओ. पहली रोशनी में निकलो. आउट."

सकाळी हवा उघडली. उस्ताद, मी आणि दोन जवान, आम्ही चौघांनी सुरजनला स्ट्रेचरवर बांधून खाली नेलं. अर्ध्या वाटेवर बेसची पार्टी नवा सिलिंडर घेऊन आली. बेसवर डॉक्टर साहेबांनी त्याला तपासलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणखी एक रात्र तो वर राहिला असता तर वाचला नसता, म्हणाले. राकेश दोन दिवसांत वरच बरा झाला. सुरजन आज गावी म्हशी पाळतो. फोन करतो तेव्हा निम्मा वेळ म्हशींचंच बोलतो, आणि मी ऐकून घेतो.

रफिकभाईंचा चहा गार झाला होता. ते उठले, आत गेले, आणि मागच्या फळीवरून धूळ बसलेलं एक खोकं घेऊन आले.

"हा पाहा. पिवळा पडते म्हनून कोनीच नेत नाही. लोकायले पांढरा लख्ख पाह्यजे."

मी टॉर्च हातात घेतला. बोटभर लांबीचा, खिशाला अडकवायची क्लिप, मागे एकच बटन. एकदा दाबलं की मंद लागतो, पेशंटच्या डोळ्यात खुपत नाही. पुन्हा दाबलं की मोठा. तळहातावर मारला. तळहात तळहातासारखा दिसला. मग रफिकभाई स्वतःहून तोंड पुढे करून उभे राहिले.

"लाल," मी म्हटलं.

"अल्ला का शुकर," ते म्हणाले आणि शोकेसच्या आरशात स्वतः एकदा पाहून आले.

विकला जात नव्हता म्हणून त्यांनी भावही उतरवला. हजाराच्या पुष्कळ आत काम झालं. उरलेल्या पैशांत शीलासाठी बांगड्या घेतल्या आणि बस धरली.

आता कोणी विचारलं की टॉर्च कोणता घ्यावा, तर मी एवढंच सांगतो की दुकानात भिंतीवर उजेड पाडून पाहू नका, स्वतःच्या हातावर पाडा. शीलानं घरी आल्या आल्या तो परड्यातल्या मिरच्यांवर मारून पाहिला. पिकलेली कोणती, अर्धकच्ची कोणती, सगळं तिला कळलं. "याच्यात वस्तू जशी हाय तशी दिसते," म्हणाली. तेव्हापासून टॉर्च निम्मा दिवस तिच्याच कमरेला असतो. मला विचारून घ्यावा लागतो. माझी काही तक्रार नाही. घरात, शेतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे रोज कामाला येतो, आणि रोज तो पेटवताना मला बरं वाटतं.

निघताना रफिकभाईंनी विचारलं होतं, "आन तुमचे उस्ताद? कुठं असते ते आता?" दुकानात गर्दी झाली होती. पुन्हा आलो की सांगतो म्हटलं.

सुरजनला पोचवल्यावर बेसवर आम्हाला एक दिवस थांबा म्हणाले होते. उस्ताद थांबले नाहीत. वर तीनच जण होते, त्यातला एक आजारी. "मेरे बच्चे अकेले हैं," एवढंच म्हणाले. आम्ही चौघं पुन्हा वर निघालो. शेवटच्या चढाला वरून बर्फ सुटला. आम्ही तिघं कडेला फेकले गेलो आणि धडपडत बाहेर निघालो. उस्ताद सगळ्यांत पुढे होते, ते गाडले गेले. रेडिओवर हाक दिली तशी बेसची माणसं धावून आली. सगळ्यांनी मिळून खणलं. ते सापडले तेव्हा दिवस बुडत आला होता. त्यांचा टॉर्च बर्फातच राहिला.

हवालदार बलबीर सिंग. घरी म्हातारी आई, बायको, दोन मुली. सफरचंदाची दहा झाडं लावली होती, त्यांना पहिली फळं धरायची होती. रागावले की आवाज खाली जायचा. पोस्टवर सगळे जेवल्याशिवाय ते कधी जेवले नाहीत.

त्यांना तपासणं माझं काम होतं. कोणीतरी पांढरा टॉर्च धरला. ओठ निळे होते, नखं निळी होती. वर पाहिलं तर टॉर्च धरणाऱ्याचेही ओठ निळे, खणणाऱ्यांचेही निळे. उस्ताद आमच्यातलेच एक दिसत होते, जरा पडले आहेत इतकंच. नाडी लागत नव्हती, तरी मी त्यांना दोनदा हाक मारली.