धोटे सरांची तपासणी झाली नव्हती

मी ज्यांचं वाईट केलं त्यांचं नाव पुंडलिक धोटे. सौंसरच्या शाळेत त्यांनी मला सहावी-सातवीचं गणित शिकवलं. दिवस — दोन वर्षांपूर्वी, गोटमारीनंतरचा पहिला रविवार. वेळा दोन: सकाळी अकरा, आणि दुपारी चार. सकाळचं साठ-सत्तर माणसांनी डोळ्यांनी पाहिलं. दुपारचं आजपर्यंत कुणालाच माहीत नाही. आईला नाही, माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगून राहिले.

आधी मी कोण ते सांगते. म्हणजे थोडा वेळच काढते आहे, कळतं मला. पण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी पांढुर्ण्याला राहते. सहा-सात जणांचा आमचा गट आहे. आम्ही आरोग्याची पत्रकं वाटतो, तपासणीचे कॅम्प लावतो. पत्रकं मी लिहिते. पुरुषांच्या प्रोस्टेट कॅन्सरचं काम आलं तेव्हा गटातली पोरं मागे सरकली — लाज वाटते म्हणे! — तर ते मी घेतलं. पोरगी असून. मंडीत संत्र्याच्या ढिगाजवळ उभी राहून मी 'लघवी' हा शब्द मोठ्यानं म्हणायची, आणि माझ्या वडिलांच्या वयाची माणसं चपलेकडे पाहायला लागायची. मला त्यांचा संताप यायचा. खरं सांगू? संतापापेक्षा मजा जास्त यायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावरून पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावरून सावरगाव दगड फेकतं, तीच गोटमार. आमच्याकडे त्या जखमा माणसं मिरवतात. म्हणून माझ्या पत्रकाची पहिली ओळ होती: 'गोटमारीत डोकं फुटलं तरी न हटणारा मर्द एका सुईला भितो?' ती ओळ लिहिली त्या दिवशी मी स्वतःवर केवढी खूश होते! भित्र्याला भित्रा म्हणायचं — तेवढं मला छान येत होतं. भिऊन राहिलेल्या माणसाशी बोलायचं कसं, ते मी कधी शिकलेच नाही. कुणाला विचारलंही नाही.

तर तो रविवार. सौंसरचं एक समाजभवन. खुर्च्या भरलेल्या, पण टेबलाकडे कुणी येईना. तपासणी म्हणजे काय? दंडाला पट्टा बांधून एक नळी रक्त. कपडे काढायचे नाहीत, काही नाही. रक्त नागपूरच्या लॅबला जाणार होतं. नर्सताई हातमोजे घालून बसलेली, आणि साठ-सत्तर पुरुष एकमेकांना कोपरानं ढोसून राहिलेले — तू जा, आधी तू जा.

धोटे सर सगळ्यांत आधी उठले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, तरी इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांचा मुलगा नितीनदादा जबलपूरला सरकारी नोकरीत आहे; त्यानं आठवडाभर रोज फोन करून त्यांना तयार केलं होतं. सरांनी फॉर्म घेतला, वाचला. रात्री किती वेळा उठावं लागतं, धार थांबून थांबून येते का, कपडे ओले होतात का. मग ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "पोरी, जरा बाजूले ये न. हे कागदावर लिहाच लागते काय? होते कधी कधी कपडे खराब. तुलेच सांगतो."

माझ्या हातात माइक होता. चालू.

"बघा!" मी म्हणाले. "धोटे सरांचे कपडे ओले होतात, ते सांगायला सर लाजले नाहीत! तुम्ही काहून लाजून राहिले?"

मला त्यांचा मान वाढवायचा होता, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. मला लाइन लावायची होती. एक जिवंत उदाहरण आपल्या पायानं चालत आलं होतं, ते मी वापरलं — एवढंच.

मागच्या खुर्चीवरून कुणीतरी ओरडलं, "सर, आमाले तं तासाले एक नंबरले जाऊ बी देत नव्हते तुम्ही!" दुसरा म्हणाला, "आता तुमीच बेंचवर उभे राहा मास्तर!" सगळं भवन हसलं. आणि मी — मीही हसले. माइक तोंडापाशीच होता. माझं हसू सगळ्यांपेक्षा मोठं ऐकू गेलं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. तेही थोडं हसले, फॉर्मची चौघडी घातली, पेनाशेजारी खिशात ठेवली, "येतो" म्हणाले आणि बाहेर जाऊन चपला शोधायला लागले. खिडकीतून मला दिसत होते. पुष्कळ वेळ शोधत होते. मी माइक कुणाच्या हाती देऊन बाहेर जाऊ शकत होते की नाही? दहा पावलं होती. नाही गेले.

इथपर्यंतचं सौंसरमध्ये माहीत आहे. काही लोक तर अजून रंगवून सांगतात. पण लक्षात राहिला तो हशा; सरांनी मागाहून रक्त दिलं की नाही हे कुणी पाहिलं नाही, आणि धोट्यांच्या घरी जाऊन यातलं कुणी सांगत नाही. मीही सांगितलं आहे — गटाच्या बैठकीत, नव्या पोरांना शिकवताना, 'माझ्या हातून एकदा अशी चूक झाली' म्हणून. ऐकणारे म्हणतात, किती प्रामाणिक आहेस! लहान कबुली अशी पुढे धरली की तिच्या आड मोठी गोष्ट आरामात उभी राहते.

दुपारी चारला आम्ही टेबलं-खुर्च्या गाडीत भरत होतो. नितीनदादाचा फोन आला. म्हणाला, "बाबा म्हणतात, झालं. पण दवाखान्याच्या बाबतीत ते पक्के लबाड आहेत, मी त्यांचं मानत नाही. तू तिथंच होती नं? तू सांग. झाली का टेस्ट?"

बघा — त्यानं माझ्यावर ठेवलं होतं सगळं. बापाचं न मानता माझं मानायला तयार होता तो. आणि काय सांगायचं होतं मला? नाही झाली दादा, माझ्यामुळे लोक हसले, सर निघून गेले, उद्या मी त्यांच्या घरी जाते. किती वेळ लागला असता?

मी म्हणाले, "हो दादा. झाली."

हे ते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पण मी तिथंही थांबले नाही. त्यानं विचारलं, रिपोर्ट कधी? आमच्या कॅम्पची एक रीत होती: शंभरभर लोकांना फोन कोण करणार, म्हणून ज्यांच्या रक्तातला आकडा वाढलेला येईल त्यांनाच फोन करायचा. मी ती रीत त्याला समजावून सांगितली. "फोन नाही आला तर समजायचं, सगळं ठीक." यातला शब्द न् शब्द खरा होता. त्या खऱ्या शब्दांनी मी खोट्याला कुलूप घातलं. फोन कसा येणार होता? ज्याचं रक्तच गेलं नाही त्याचा आकडा कुठून यायचा? महिना गेला, फोन आला नाही, आणि धोट्यांच्या घरात सगळे निर्धास्त झाले.

का बोलले खोटं? मी नितीनदादाला भीत नव्हते. तो चिडला असता, दोन शब्द बोलला असता, आणि पुढच्या आठवड्यात सरांना जबलपूरला नेऊन टेस्ट केली असती. पण मग लोकांनी म्हटलं असतं की 'लाजू नका' असं छापून वाटणारीनंच एका माणसाला सुईपासून पळवलं. मला ते ऐकायचं नव्हतं. बस. याच्यापेक्षा मोठं कारण मी शोधून पाहिलं, नाहीच.

कॅम्पनंतर पंधरा-वीस दिवसांनीच सर बाजारात भेटले होते. पिशवीत मेथी. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "नितीनले सांगितलं नाही तू. बरं केलं व पोरी." त्यांना वाटलं, मी त्यांची अब्रू झाकली. मी माझी झाकली होती. आणि तेव्हाही वेळ होता — 'सर, चला नं, आपण दोघंच जाऊ, कुणाला कळणार नाही' — एवढं एक वाक्य. मी मेथीचा भाव विचारला.

पुढच्या उन्हाळ्यात सरांची कंबर दुखायला लागली. ज्या डॉक्टरला दाखवलं त्यांनी विचारलं होतं, लघवीचा काही त्रास? प्रोस्टेट तपासलं का कधी? काकूंनी सांगितलं — धोटे काकूंनी, त्यांच्याच तोंडून मी हे ऐकलं — "हाव डॉक्टरसाहेब, कॅम्पमंदी झालं. ठीक निघालं सगळं." मग कंबरेला पट्टा. मग मालिश. शनिवारी जामसांवलीच्या हनुमंताला. दिवाळीनंतर एक दिवस सरांना खाटेवरून पायच उचलता येईना, तेव्हा नागपूरला नेलं. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात पसरला होता. यंदा महाशिवरात्रीच्या आधी ते गेले. मी त्या दिवसांत एकदाच पाहायला गेले होते. ते झोपलेले होते. मला हायसं वाटलं. झोपलेले आहेत, बोलावं लागणार नाही — असं वाटलं मला.

त्या रविवारी रक्त दिलं असतं तर वाचले असते का? एका डॉक्टरना मी आडून विचारलं, कुणा दुसऱ्याचं म्हणून. ते म्हणाले, सांगता येत नाही. तेव्हाच पसरलेलं असेल, किंवा लवकर सापडून पुष्कळ वर्षं निघाली असती. त्यातला पहिला अर्धा भाग मी काही आठवडे जवळ बाळगला. मग टाकून दिला. काहीही झालं असतं, पण ते सरांना कळलं असतं, काकूंना कळलं असतं. कंबरेच्या पट्ट्यात गेलेले महिने तर माझेच आहेत, त्यात शंका कसली?

तेरवीला नितीनदादानं मला नातेवाइकांपुढे उभं केलं. म्हणाला, "हिनं तर वेळेवर टेस्ट करून घेतली होती बाबांची. आमचंच नशीब." आणि माझ्या पानात स्वतःच्या हातानं बुंदी वाढली. मी खाल्ली. सगळी.

तरीही मी गप्पच राहिले असते. माझा काही भरवसा नाही. पण मागच्या महिन्यात पांढुर्ण्याच्या मंडीत एका काकांनी माझं पत्रक परत केलं. "ठेव व बाई तुझ्याजवळ. धोटे मास्तरची झाली होती नं जांच? ठीक निघाली होती नं? मंग गेला कसा मास्तर? तुमच्या सुईत काही दम नाही." शेजारचे दोघं माना हलवायला लागले. त्यांच्यातल्या एकानं तर आधी नाव नोंदवलं होतं; तो म्हणाला, माझं खोडून टाक. मी खोडलं. त्यांचा हिशेब बरोबर होता. त्यांना दिलेली माहिती खोटी होती, आणि ती मी दिली होती.

म्हणजे एका माणसावर हे थांबलेलं नाही. सर गेले, आणि माझं खोटं अजून गावात फिरून लोकांना घरी बसवून राहिलं आहे.

म्हणून हे लिहिलं. धोटे सरांची तपासणी झाली नव्हती. सुई त्यांच्या दंडाला लागलीच नाही. सुई कमी पडली नाही, ती त्यांच्यापर्यंत पोचू दिली गेली नाही. हा कागद छापायला जाण्याआधी मी स्वतः काकूंच्या आणि नितीनदादाच्या हातात देणार आहे. ते काय म्हणतील ते म्हणोत. गटानं काढलं तर काढावं.

आता तुमचं. घरात पन्नाशी ओलांडलेला पुरुष आहे? त्याच्या बापाला किंवा भावाला हा आजार झाला असेल तर पंचेचाळिशीचाही धरा. त्याच्याशी दार लावून बोला. हळू बोला. पीएसए नावाची रक्ताची तपासणी असते, ती करायची का, हे डॉक्टरला विचारा. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नसतं. कमी आला म्हणजे कायमची सुटका, असंही नसतं. ते डॉक्टर सांगतील. तुम्ही त्याच्यासोबत जा. रिपोर्टचा कागद स्वतःच्या हातात घ्या, त्यावर त्याचंच नाव आहे का ते वाचा. आणि कुणी तुम्हाला फोनवर म्हणालं, 'हो, झाली, ठीक आहे' — तर मानू नका. मी म्हणाले तरी मानू नका.